एकोणीस पायऱ्या आणि पाच किलो गहू

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुणालाही 'होईल हो सगळं नीट' असं म्हटलेलं नाही. बारशाला नाही, लग्नाला नाही, दवाखान्यात कुणाला भेटायला गेले तर नाहीच नाही. तुम्ही त्यांच्या हातावर पेढा ठेवा आणि सांगा, नवीन घर घेतलंय, रविवारी वास्तुशांत आहे. ते पेढा तोंडात टाकतील, चष्मा कपाळावर सरकवतील आणि विचारतील, "बरं. अडंल कुठं?" सातपूरच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं फिटर होते. कुठलाही भाग बसवण्याआधी तो कुठे अडेल हे फिटरला आधी बघावं लागतं म्हणे. तिथवर ठीक होतं. पण हा प्रश्न ते संध्याकाळी रिकाम्या डब्यासोबत घरी घेऊन येत आणि आम्हा सगळ्या नातेवाइकांना लावत. सिन्नरकडचा माणूस, आवाज बेताचा, त्यामुळे तो प्रश्न भांडणासारखा कधी वाटला नाही, पण समोरच्याच्या उत्साहावर पाणी पडायचं ते पडायचंच.

माझी आणि त्यांची पहिली नीट ओळख माझ्या लग्नात झाली, नव्वदच्या आसपास. मी फेटाबिटा बांधून, मुंडावळ्या लावून जानवशात बसलोय, मित्र चेष्टा करताहेत, आणि हे गृहस्थ खिशातून टेप काढत आत आले. घरचे थोरले जावई, म्हणून मी पाया पडायला उठलो, तर म्हणाले, "उठलात ते बरं केलं, तसेच उभे राहा." आणि त्यांनी माझी फेट्याच्या तुऱ्यासकट उंची मोजली. मग बाहेर जाऊन घोड्याची पाठ मोजली आणि कार्यालयाच्या कमानीवर सोडलेल्या दिव्यांच्या माळेपर्यंतचं अंतर मोजलं. माझे वडील सासऱ्यांना हळूच म्हणाले, तुमचे थोरले जावई जरा असेच का? पण वरात कमानीशी आली तेव्हा माझ्या तुऱ्याच्या नेमक्या उंचीवर ती माळ लोंबत होती, आणि हे साडू हातात बांबू घेऊन ती वर उचलून धरून उभे होते. फोटोत सगळे हसताहेत, हे एकटे वर तारेकडे बघताहेत. मी त्यांना तेव्हापासून भाऊसाहेब म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात.

त्यांच्या सवयी सांगायला बसलो तर दिवस मावळेल. चपला नेहमी तोंड बाहेर करून काढायच्या, म्हणजे निघताना वळावं लागत नाही. कपडे आदल्या दिवशी खुर्चीवर, सदरा वर, पँट खाली, ज्या क्रमाने अंगात जाणार त्या क्रमाने. इगतपुरीला नातेवाइकांकडे पावसाळ्यात जायचं तर मोज्यांचे तीन जोड प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत. आणि एक वही. त्या वहीत प्रत्येक पानावर तीनच गोष्टी असत. हवं काय, अडंल कुठं, आणि अडलं तर काय करायचं. मी खात्याच्या परीक्षेला तीनदा बसून तीनदा आपटलो होतो, तेव्हा माझ्यासाठी त्यांनी एक पान खर्ची घातलं. एक अख्खी संध्याकाळ ते आमच्या घरी काही न बोलता बसून राहिले. मी काय करतो ते बघत होते. शेवटी म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही अभ्यासाला अडत नाय. तुम्ही पुस्तक कपाटातून काढायला अडताय." त्यांनी पुस्तक उघडून माझ्या जेवायच्या जागेशेजारी ठेवलं, टीव्हीची खुर्ची मोरीजवळ नेली आणि अट घातली की चहा पिताना फक्त पान उघडं ठेवायचं, वाचलंच पाहिजे असं नाही. उघडं पान समोर असलं की माणूस किती वेळ नाही वाचणार? चौथ्या खेपेला मी पास झालो. एवढं करून मी जगाला काय सांगत फिरलो, तर ही सगळी त्या शिबिराची कृपा.

कारण मधल्या काळात मी शिबिराला जाऊन आलो होतो. गंगापूर रोडला एका मंगल कार्यालयात तीन दिवस. पांढऱ्याशुभ्र कपड्यातले एक सर माइकवरून सांगायचे की जे हवं ते मिळालंच आहे असं समजा, डोळे मिटून ते बघा, त्याचा फोटो भिंतीवर लावा, आणि मिळाल्यासारखं वागा. बाकीचं विश्व बघून घेईल. आम्ही दोनशे माणसं डोळे मिटून 'माझ्याकडे सगळं आहे' असं म्हणत होतो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं होतं. कचेरीत साहेबांपुढे मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला तीन दिवस कुणी राजा म्हटलं तर त्याला बरंच वाटणार. शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलवायची मुभा होती, म्हणून मी भाऊसाहेबांना नेलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि जे व्हायचं तेच झालं. ते उभे राहिले आणि विचारलं, "समजा हे सगळं करायला घेतलं. तर अडंल कुठं?" सर हसून म्हणाले, "अडेल असा विचारच करायचा नाही, काका. विचार केला की अडतं." भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मंग गाडीला ब्रेक कशाला बसवत्यात?" असं म्हणून ते खाली बसले, आणि मी पुढच्या रांगेतल्या माणसाच्या पाठीमागे तोंड लपवलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण एका वर्षी दिवाळीनंतर ताईंना, म्हणजे भाऊसाहेबांच्या बायकोला, माझ्या थोरल्या मेहुणीला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. ताई म्हणजे ठेंगणीठुसकी, सतत कामात असलेली बाई. सिडकोतल्या त्यांच्या छोट्या घराची गच्ची हे तिचं राज्य होतं. दर चैत्रात गल्लीतल्या सगळ्या बायका पहाटे त्या गच्चीवर कुरडया घालायला जमत, आणि चीक शिजला की नाही हे ताईंनी सांगितल्याशिवाय कुणी सोऱ्या हातात घेत नसे. अशी बाई पलंगावर निपचित पडली होती.

दवाखान्याच्या बाकावर मी भाऊसाहेबांच्या शेजारी बसलो होतो. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. मी सवयीने म्हणालो, "होईल सगळं नीट." ते म्हणाले, "कसं?" मग बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं, अगदी हळू, "पाव्हणं, तुमच्या त्या शिबिरात डोळे मिटून काय करायचं असतं?" मी चाटच पडलो. सांगितलं की डोळे मिटा, ताई बऱ्या झाल्यात, घरी आल्यात असं बघा. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. दोन मिनिटं झाली असतील. मला खरंच वाटलं की हा माणूस आता आपल्यात आला. तेवढ्यात ते डोळे मिटूनच म्हणाले, "जमत नाय. घरी आली एवढं दिसतंय. पण पुढं जिना दिसतोय. गच्चीचा जिना मी उभा राहून बांधून घेतला. कठडा उजव्या अंगाला केला, डाव्या अंगाला भिंत सोडली. तिचा उजवा हात जाईल, हे वहीत लिहिलंच नाय मी." डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. मग चष्मा लावला आणि उठले. "तुम्ही बसा इथं. मी पाइप बघून येतो." थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि पेशंटचे मिस्टर कुठेत विचारलं, तेव्हा मला सांगावं लागलं की ते पाइप आणायला गेलेत. डॉक्टरांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

तो पाइप महिनाभर घराच्या कोपऱ्यात उभा होता. ताई घरी आल्या, वॉकर धरून उभ्या राहायला लागल्या, तेव्हा एक दिवस भाऊसाहेबांनी त्यांना जिन्याच्या भिंतीशी नेऊन उभं केलं. डावा हात सहज जिथे टेकला तिथे पेन्सिलीने खूण केली, आणि त्या खुणेच्या उंचीवर एकोणीस पायऱ्यांच्या कडेने पाइप ठोकला. उंचापुऱ्या भाऊसाहेबांच्या कमरेपेक्षाही खाली. ताई म्हणाल्या, "अहो, किती खाली, शोभतं का ते?" ते म्हणाले, "शोभेचा नाय. तुझा हाय." मग शिकवणी सुरू झाली. धडधाकट पायाला ते शहाणा म्हणत आणि लुळ्या पायाला रुसका. चढताना शहाणा आधी, उतरताना रुसका आधी, हे त्यांनी ताईंकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. त्यांच्या वहीप्रमाणे गच्ची वैशाखअखेरीस येणार होती.

मला हे फारच मुंगीच्या पावलांचं वाटलं. तोपर्यंत कुरडयांचे दिवस संपून जाणार नाहीत का? मी ताईंचा एक जुना फोटो मोठा करून आणला, गच्चीवर, कुरडयांच्या मधोमध, कमरेला पदर खोचलेला. तो पलंगासमोर लावला आणि खाली लिहिलं, 'मी गच्चीवर आहे.' सरांच्या कॅसेटीही आणून दिल्या. ताई त्या रोज दुपारी ऐकत. भाऊसाहेबांनी फोटो काढला नाही, कारण तिला आवडला होता. फक्त माझ्या अक्षरांखाली पेन्सिलीने लिहिलं, 'पायऱ्या १९.'

चैत्र लागला तेव्हा ताई सात पायऱ्या चढत होत्या. आणि मी काय केलं, तर शिबिरातलं शेवटचं वाक्य खरं मानलं, झालंच आहे असं वागा. एका गुरुवारी सकाळी त्यांच्या मागच्या अंगणात, मोठ्या पातेल्यात, मी पाच किलो गहू भिजत घातला. गल्लीत सांगून आलो की सोमवारी पहाटे ताई गच्चीवर कुरडया घालणार. ताईंचा चेहरा कित्येक महिन्यांनी फुलला. दुपारी पहिल्या पाळीवरून भाऊसाहेब आले, हात धुवायला मागे गेले, आणि पातेल्यापाशी थांबले.

"गहू कुणी घातला?"

"मी," मी म्हणालो. "भाऊसाहेब, विश्वास ठेवा."

"ठेवतो. पण गहू थांबत नाय, पाव्हणं." एवढंच. ज्याला कुरडया माहीत आहेत त्याला पुढचं सांगायला नको. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून चीक काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शिजवायचाच. एक दिवस उशीर झाला की आंबून जातो. विश्वाला कळवून तारीख पुढे ढकलता येत नाही. मला वाटलं ते पातेलं मोरीत ओततील. पण त्यांनी वही काढली.

चार दिवस त्या घरात नुसती लढाई चालली. पाइप अकराव्या पायरीला वळणावर संपत होता आणि पुढे नवा सुरू होत होता, मध्ये हातभर जागा मोकळी. "अडंल हितं," म्हणून त्यांनी तिथे जोड बसवला. वळणावर एक खुर्ची ठेवली, गच्चीवर दुसरी. ताईंच्या चपलेला मागून पट्टा शिवला. दिवसातून तीनदा सराव. शिवाय अंगणात एक बाज आणून टाकली. मी विचारलं ही कशाला, तर म्हणाले, "नाय चढली तर चीक खालीच शिजवू, कुरडया बाजंवर घालू." मी चिडलो. म्हटलं, "नाही चढली असं मनात आणता कशाला तुम्ही? त्यानेच अडतं." ते माझ्यावर आवाज चढवत नाहीत कधी, त्या दिवशीही नाही. "तिला तोंडघशी पाडायचं नाय म्हणून," म्हणाले.

शनिवारी ताई नवव्या पायरीवर अडकल्या. रुसका पाय वर येईना, चवडा पायरीच्या कडेला घासून परत खाली यायचा. चार वेळा झालं, आणि त्या मटकन खाली बसल्या. खाली मी उभा होतो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, माझाच विश्वास कमी पडतोय का हो? कॅसेटीत म्हणतात, मनापासून मागितलं तर मिळतंच. मग मी मनापासून मागत नाही का?"

पाच महिने पलंगावर काढलेल्या बाईला मी फोटो दिला, कॅसेटी दिल्या, आणि वर हा अपराधही तिच्याच पदरात टाकला. मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. भाऊसाहेब मात्र तिच्या खालच्या पायरीवर बसले, खिशातून पोलादी पट्टी काढली, आधी पायरी मोजली आणि मग तिला बसल्याबसल्या पाय उचलायला लावून तो मोजला.

"विश्वासाचा काय संबंध?" ते म्हणाले. "पायरी सात इंच हाय. दमलीस की तुझा पाय साडेसहाच उचलतोय. अर्ध्या इंचाचं काम हाय."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अर्धाच?"

"अर्धाच. बघ की तूच." आणि पट्टी त्यांनी तिच्या डाव्या हातात दिली.

त्या दिवसापासून त्या घरात कॅसेट वाजली नाही, आणि ती मीच उचलून आणली. उरलेला शनिवार आणि अख्खा रविवार ताई दार धरून, जुन्या वह्यांच्या चळतीवरून पाय उचलत होत्या. एक वही वाढवायची, पुन्हा पाय. त्या वह्या भाऊसाहेबांच्याच. माझी बायको मागे गहू वाटत होती आणि मी वह्या रचत होतो. माझ्या शिबिराचा तो खरा शेवटचा दिवस.

सोमवारी पहाटे गच्चीवर बायका जमल्या. चूल पेटली, माझी बायको चीक ढवळायला बसली. खाली ताईंनी पाइप धरला. शहाणा, रुसका, शहाणा, रुसका. भाऊसाहेब एक पायरी मागे, हात न लावता. नववी पायरी आली. चवडा कडेला घासला, पण वर आला. अकराव्याला त्या अडल्याच, दम लागला, खुर्चीवर बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चेहरा पांढरा पडला होता. भाऊसाहेबांनी एकदा खाली अंगणातल्या बाजेकडे बघितलं आणि मला म्हणाले, "असू द्या. अकरा झाल्या."

तेवढ्यात वरून वास आला. ताईंनी नाक वर केलं. "चीक खाली लागतोय," त्या म्हणाल्या. "हिला शंभरदा सांगितलंय, तळापासून ढवळ म्हणून." आणि उठल्या. उरलेल्या आठ पायऱ्या त्यांनी कशा घेतल्या ते मी मागून बघितलं, पण सांगता येणार नाही. शहाणा नि रुसका दोघंही मुकाट चालत होते. वर गेल्या, माझ्या बायकोच्या हातातलं ढवळणं डाव्या हाताने घेतलं, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी घाल थोडं, आधणाचं." गल्लीतल्या बायका पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या, त्यांना ओरडा बसला की सोऱ्या कोण भरणार.

माझ्या बायकोने सोऱ्या धरला आणि पहिली कुरडई त्यांनी डाव्या हाताने घातली, वेडीवाकडी. मी न राहवून म्हणालो, "बघा भाऊसाहेब, फोटो खरा झाला की नाही?" ते गंभीरपणे म्हणाले, "फोटोनं गहू भिजवला, एवढं खरं हाय. माझ्या वहीनं भिजवला नसता." हे त्यांनी मला दिलेलं एकमेव प्रमाणपत्र. ताईंनी मात्र आमच्या दोघांकडे बघितलंही नाही. "तुमचा फोटो नको नि तुमची वही नको," त्या म्हणाल्या. "पाच किलो गहू वाया जात होता, म्हणून चढले मी."

त्यानंतर सहा चैत्र ताईंनी त्या गच्चीवर कुरडया घातल्या. सातव्या वर्षी त्या नव्हत्या. तो दुसरा झटका होता, आणि त्यात कुणाला काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

भाऊसाहेब आता निवृत्त आहेत. घराला मध्ये रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला जिन्यापाशी स्वतः उभं राहून त्यांनी पेन्सिलीच्या खुणेभोवतालची तळहाताएवढी भिंत तशीच सोडायला लावली. परवा रविवारी मी गेलो होतो. संध्याकाळी आम्ही गच्चीवर निघालो. गुडघे दुखतात त्यांचे, म्हणून पाइप धरून चढतात, आणि पाइप ताईंच्या मापाचा, त्यामुळे उंचेपुरे भाऊसाहेब पार वाकून, एका अंगाला कलून चढतात. मला बघवेना. म्हटलं, "भाऊसाहेब, माझ्या ओळखीचा माणूस आहे. पाइप वीतभर वर घेऊ या. रोज असं वाकून चढलात तर एक दिवस कमरेत अडेल तुमच्या."

ते वळणावर थांबले. तिथे ती खुर्ची अजून आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाइपकडे बघितलं, आणि उभ्या आयुष्यात जे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते म्हणाले.

"अडू द्या, पाव्हणं."

मग हात पुन्हा खाली, तिच्या उंचीवर ठेवला, आणि शहाणा पाय आधी टाकून ते पुढची पायरी चढले. मी मागून, एक पायरी सोडून चढत राहिलो.